सहकारनगरची स्टॉर्म आणि कुदळवाडीची काच: एका दुर्मिळ गाडीच्या शोधाचं प्रकरण

(यातल्या माणसांची नावं दिलेली नाहीत, राहण्याचा भाग बदललाय आणि गाडीचे नंबरही मुद्दाम गाळलेत. बाकी जसं घडलं तसंच लिहिलंय.)

पार्श्वभूमी

सॅन स्टॉर्म म्हटलं की पुण्यात बहुतेक लोक "कुठली गाडी?" असंच विचारतात, म्हणून आधी थोडं गाडीबद्दल. दोन सीटची, छत उघडणारी, फायबर बॉडीची ही छोटी स्पोर्ट्स कार, नव्वदच्या दशकाच्या शेवटी आपल्याकडे गोव्यात बनायला लागली. कंपनी सॅन मोटर्स, आणि त्यांचा मूळ धंदा बेंगळुरूत रेल्वेची शंटिंगची इंजिनं बनवायचा. स्टॉर्ममध्ये रेनोचं डी७एफ इंजिन, ११४९ सीसी, चार सिलेंडर, आठ व्हॉल्व्ह, ६० च्या आसपास हॉर्सपॉवर. आज हा आकडा काहीच वाटत नाही, पण ती गाडी हलकी होती आणि तेव्हाचे रस्ते आठवा, सँट्रो, मटिझ, इंडिका या तिन्ही १९९८ मध्ये आल्या आणि त्या आल्या तेव्हा केवढी गर्दी झाली होती शोरूममध्ये. त्या काळात कुणीतरी या देशात दोन माणसांपुरती उघडी गाडी बनवून विकायला काढतो, ही गोष्टच मला अजून भारी वाटते.

मी कॉलेजात असताना एफसी रोडवर एक लाल स्टॉर्म बघितली होती. एकदाच. पंचवीस वर्षं डोक्यातून गेली नाही.

आम्ही चौघं. एक टेल्कोतून (म्हणजे आताच्या टाटा मोटर्समधून) रिटायर झालेले काका, जे इंडिकाच्या लाइनवर होते आणि त्यांनी पहिली स्टॉर्म पिंपरीत कंपनीच्या गेटसमोरच बघितली होती, एक आर्किटेक्ट, एक आयटीतला पोरगा जो आमच्यात सगळ्यात लहान, आणि मी. जून २०२३ मध्ये आम्ही ठरवलं की या गाड्यांपैकी आज किती उरल्यात त्याची यादी करायची, आधी पुणे आणि आजूबाजूचा भाग, मग जमेल तसं बाहेर. एक एक्सेल शीट केली. ज्या गाडीचा चेसिस नंबर आम्ही स्वतः बघून पेन्सिलीने छाप घेतली ती ओळ हिरवी, गाडी डोळ्यांनी बघितली पण नंबर पूर्ण नाही ती पिवळी, आणि नुसतं कुणीतरी सांगितलं ती पांढरी. नियम साधा होता, हिरवी ओळ असेल तरच "वाचलेली" म्हणायचं. हा नियम पुढे आम्हाला कसा नडला ते खाली येईलच.

अडचण कुठे होती

पहिली अडचण म्हणजे शोधायचं कसं. "वाहन" नावाची जी सरकारी ऑनलाइन सोय आहे तिथे नंबर टाकला की गाडी कळते, पण गाडीचं नाव टाकून नंबर काढता येत नाही, मालकाचं नावही अर्धं झाकलेलं असतं, आणि ते योग्यच आहे. म्हणजे कागदावरून माणसापर्यंत पोचायचा रस्ता बंद. आम्ही सुरुवातीला तीन-चार महिने जुन्या गाड्यांच्या डीलरांना विचारण्यात घालवले आणि त्यातून काही म्हणजे काही निघालं नाही, कारण अशी गाडी डीलरकडे येतच नाही, ती घरात पडून राहते.

पांढऱ्या ओळी मात्र भरपूर झाल्या. त्यातली एक पौडच्या पुढे एका फार्महाऊसवरची, ऑक्टोबर २०२३ मध्ये आम्ही चौघं मोठ्या उत्साहाने गेलो, बॉनेट उघडलं तर आत मारुती ८०० चं तीन सिलेंडरचं इंजिन, आणि बॉडी कुठल्यातरी लोकल फायबरवाल्याने मारलेली. लांबून दिसायला तशीच. मालकाला स्वतःलाही वाटत होतं की ती स्टॉर्म आहे. ओळ खोडली, परत आलो.

खरा धागा मिळाला तो रास्ता पेठेतल्या एका कुशनवाल्याकडे. आर्किटेक्ट त्याच्याकडे स्वतःच्या जीपच्या सीट शिवायला गेला होता, सहज विषय काढला, तर तो म्हणाला, "छोटी लाल, दोन सीटची ना? तिचं हूड मीच शिवलंय, दहा-पंधरा वर्षं झाली असतील, सहकारनगरच्या साहेबांची." त्याने वहीत जुना पत्ता शोधून दिला. तेव्हा कळलं की अशा गाडीचा माग काढायचा तर हूड, म्हणजे वरचं कापडी छत, कुणी शिवलं, फायबर कुणी जोडलं, इन्शुरन्स कुणी काढला, या माणसांना गाठायला हवं. पुढच्या बहुतेक सगळ्या ओळी अशाच आल्या.

मार्च २०२४ मध्ये आम्ही त्या बंगल्यावर गेलो. पोर्चमध्ये निळ्या ताडपत्रीखाली गाडी, चारही टायर बसलेले, वर बोगनवेलीचा पाला साचलेला. साहेब २०१७ मध्ये गेले. काकू एकट्याच, मुलगा परदेशात. त्यांनी चहा दिला, ताडपत्री काढू दिली, आणि म्हणाल्या की २००९ नंतर गाडी हलली नाही, पण "यांनी शेवटपर्यंत दर रविवारी पुसली". गाडी २००१ ची, गोव्याच्याच पासिंगची, साहेबांनी तिकडे नोकरीत असताना घेतली आणि बदली झाल्यावर तशीच इकडे आणली, नंबर कधी महाराष्ट्राचा करून घेतलाच नाही. चेसिस नंबर जुळला, इंजिन डी७एफच, छाप घेतली. पुण्यातली आमची पहिली हिरवी ओळ.

आणि दोन दिवसांत आम्ही स्वतःच घोळ घातला. आयटीतल्या पोराने आनंदाच्या भरात गाडीचा फोटो व्हॉट्सॲप स्टेटसला टाकला. पत्ता लिहिला नव्हता, पण फोटोत गेट आणि शेजारच्या दुकानाची पाटी दिसत होती. आठवडा संपायच्या आत काकूंच्या दारात दोन अनोळखी माणसं येऊन गेली, एकाने तर रोख पैसे दाखवून "आत्ता उचलतो" म्हणून सांगितलं. काकूंनी आम्हाला फोन करून फक्त एवढंच विचारलं की "तुम्ही सांगितलंत का कुणाला?" आम्ही हो म्हणालो. त्यानंतर अडीच महिने त्यांनी आमचा फोन घेतला नाही.

त्यात सगळ्यात मोठी गोष्ट आम्हाला जूनमध्ये कळली, ती म्हणजे बंगला रिडेव्हलपमेंटला गेलाय आणि गणपती झाले की जागा रिकामी करून द्यायचीय. बिल्डरने काकूंना भाड्याचा फ्लॅट दिला होता, पार्किंगसकट, पण बंद पडलेली गाडी तिथे त्या सोसायटीला चालणार नव्हती.

समोर काय पर्याय होते

जूनअखेर टेल्कोवाले काका एकटेच जाऊन काकूंना भेटले, माफी मागितली, स्टेटस कुणी टाकलं ते नाव घेऊन सांगितलं, आणि काहीही मागितलं नाही. मग पोरगाही गेला. त्यानंतर काकूंनी आम्हाला सगळ्यांना बोलावलं आणि समोर बसून बोलणं झालं, की या गाडीचं करायचं काय.

आम्ही चौघांनी मिळून विकत घ्यायची, हा माझा आवडता पर्याय होता, खोटं कशाला बोलू. पण चार मालक म्हणजे चार मतं, आणि काकूंचा चेहरा बघून कळत होतं की त्यांना विकायची नाहीये, फक्त दुसरा मार्ग दिसत नाहीये. दुसरा पर्याय, बेंगळुरूकडच्या एकाकडे चालू स्टॉर्म आहे त्याला द्यायची, तो चांगला माणूस आहे पण त्याने स्पष्ट सांगितलं की त्याला पार्टसाठी हवीय. म्हणजे एक हिरवी ओळ दुसरीच्या पोटात जाणार. यावर आमच्यात खरंच भांडण झालं, आर्किटेक्टचं म्हणणं की दोन अर्धमेल्यांपेक्षा एक धडधाकट बरी, आणि हे म्हणणं चुकीचं नाहीये, पण ही गाडी पूर्ण होती, एकही मोठा भाग गायब नव्हता, अशी गाडी कापायची नसते असं माझं आणि काकांचं ठाम मत. तिसरा पर्याय रीतसर स्क्रॅपला देणं. मुलाने फोनवर तोच सुचवला, त्याला आईच्या डोक्याचा ताप कमी करायचा होता. आणि चौथा, मालकी काकूंचीच ठेवायची, गाडी आम्ही कुठेतरी नेऊन ठेवायची, चालू करायची आणि कागद सरळ करायचे.

कागदांचं गणित मात्र अवघड होतं. खाजगी गाडीचं रजिस्ट्रेशन १५ वर्षांचं, मग पाच-पाच वर्षांनी रिन्यू करायचं, हिचं २०१६ लाच संपलेलं. दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांहून जास्त गाडी ठेवली तर तिथला नंबर घ्यावा लागतो, तो घेतलेला नाही. मालक वारला की वारसाने तीन महिन्यांत फॉर्म ३१ भरून नावावर करून घ्यायची असते, तेही राहिलेलं. खाजगी चारचाकीचं रजिस्ट्रेशन रिन्यू करायची फी तेव्हा ५,००० रुपये होती, वर उशिराचे महिन्याला ५०० रुपये धरले की आकडा फुगत जातो. २०२१ मध्ये व्हिंटेज गाड्यांसाठी वेगळा नियम आला, नंबरमध्ये "व्हीए" येतं ती मालिका, पण तो ५० वर्षांवरच्या गाड्यांना. स्टॉर्म त्यात बसायला अजून पंचवीस वर्षं तरी जायला हवीत. म्हणजे ही गाडी अशा वयात अडकलेली की जुनी म्हणून कुणी हाकलतं आणि पुरेशी जुनी नाही म्हणून कुणी सांभाळत नाही, आणि माझ्या मते या वयातच सगळ्यात जास्त गाड्या जातात.

काकूंनी चौथा पर्याय निवडला. एक अट घातली, लेखी करा. आम्ही साध्या कागदावर करार केला की गाडी त्यांची, खर्च आम्ही करतो पण त्यावर मालकी हक्क सांगणार नाही, पुढे विकायची झालीच तर आधी आम्हाला विचारायचं, आणि फोटो त्यांच्या परवानगीशिवाय कुठेही नाही. यादीत त्यांच्या गाडीची ओळ राहील, पण गाव "पुणे" एवढंच.

काय केलं

विसर्जन झालं त्याच आठवड्यात, सप्टेंबर २०२४ मध्ये, गाडी तळेगाव दाभाड्याला काकांच्या मेव्हण्याच्या शेडमध्ये हलवली. ब्रेक जाम झाले होते, चाकं फिरत नव्हती, आणि फायबर बॉडी असल्यामुळे दोर कुठे बांधायचा हाच प्रश्न, बंपर ओढला तर बंपरच हातात येणार. काकांनी खाली झोपून स्टीलच्या भागाला बेल्ट लावले, चाकांखाली पत्र्याचे तुकडे घालून त्यावर ग्रीस मारलं आणि गाडी घसरवत फ्लॅटबेडवर घेतली. यात तीन तास गेले. आणि यातच, गाडी वर चढताना एक झटका बसला आणि पुढच्या काचेला आधीपासून खाली एक बारीक तडा होता तो थेट वरपर्यंत गेला.

तेव्हा आम्हाला ते फार मोठं वाटलं नाही. काच काय, मिळेल, असं मीच म्हणालो होतो.

शेडमध्ये काकांनी कुणालाही स्टार्टर मारू दिला नाही. पंधरा वर्षं बंद इंजिन, टायमिंग बेल्ट रबराचा, तो जुना झालेला असतो, एकदा फिरवला आणि तुटला तर मग काय होईल सांगता येत नाही. प्लग काढून सिलेंडरमध्ये थोडं ऑइल सोडलं, चार दिवस तसंच ठेवलं, मग पुढच्या नटावर पाना लावून हाताने हळूहळू फिरवलं. फिरलं! बेल्ट, टेन्शनर, वॉटर पंप बाहेरून मागवले, ते सोपं गेलं कारण हेच इंजिन असलेल्या रेनोच्या ट्विंगो आणि क्लिओ युरोपात ढिगाने विकल्या गेल्यात आणि त्यांचे पार्ट अजून मिळतात. इथे एका मेकॅनिकने रेनोच्याच लोगनचे पार्ट बसतील म्हणून सांगितलं होतं, ते ऐकू नका, आपल्याकडची लोगन १.४ आणि १.६ पेट्रोलची, ते इंजिन वेगळ्या घराण्याचं. टाकीतल्या पेट्रोलचा डिंक झाला होता, टाकी उतरवून धुतली, पेट्रोलचे सगळे पाइप बदलले, आणि उंदरांनी डॅशबोर्डमागचं वायरिंग खाल्लं होतं ते पोराने महिनाभर शनिवार-रविवार बसून एकेक वायर जोडत पूर्ण केलं. त्याने स्टेटसची भरपाई अशी केली असं मी म्हणणार नाही, पण त्याच्याशिवाय ते काम झालं नसतं.

बॉडीला गंज नाही, हे फायबरचं सुख. पण वरच्या थराला कोळ्याच्या जाळ्यासारखे तडे गेले होते, आणि त्यावर नुसती लांबी (पुट्टी) आणि रंग मारला तर सहा महिन्यांत परत वर येतात, ते मुळापर्यंत घासून फायबरची मॅट आणि रेझिन भरावं लागतं. भोसरीतल्या फायबरवाल्याने ते व्यवस्थित केलं.

आता कुदळवाडी. नोव्हेंबर २०२४ मध्ये याच फायबरवाल्याने सांगितलं की चिखली-कुदळवाडीत एका भंगारच्या गोडाऊनमध्ये "तुमच्या गाडीसारखीच" एक बॉडी पडलीय. आम्ही गेलो. पिवळी, इंजिन नाही, सीट नाहीत, दारं होती, आणि पुढची काच होती, अख्खी, एक ओरखडा नाही. गोडाऊनवाल्याने १८,००० सांगितले. चेसिस नंबर जिथे असतो तो भाग अर्धा कापलेला, शेवटचे तीन आकडे तेवढे वाचता येत होते. आणि इथे आमची चर्चा झाली, गोडाऊनच्या बाहेर रस्त्यावर उभं राहून. आर्किटेक्ट म्हणाला घेऊन टाकू. काका म्हणाले कापलेल्या नंबरची गाडी, उद्या चोरीची निघाली तर आपल्या शेडमध्ये सापडेल, आधी तपास करू. मी म्हणालो पैसे तळेगावच्या गाडीला लागतायत, संक्रांतीनंतर बघू. नुसती काच विकत घ्यायचं कुणाच्याच डोक्यात आलं नाही, कारण आम्ही तिच्याकडे काच म्हणून बघतच नव्हतो, एक ओळ म्हणून बघत होतो, हिरवी की पिवळी.

फेब्रुवारी २०२५ मध्ये कुदळवाडीत अतिक्रमणांवरची ती मोठी कारवाई झाली, अख्खा पट्टा सपाट झाला. आम्ही चौथ्या दिवशी पोचलो. गोडाऊन कुठे होतं तेही ओळखता येईना. गोडाऊनवाल्याचा फोन बंद. दोन महिन्यांनी तो भेटला तेव्हा म्हणाला, जे उचलता आलं ते लोखंड उचललं, फायबर कोण उचलणार.

आज काय परिस्थिती आहे

सहकारनगरची गाडी मार्च २०२५ मध्ये, पाडव्याच्या आठवडाभर आधी सुरू झाली. काकू तळेगावला आल्या होत्या. गाडी शेडच्या आवारात दोन फेऱ्या मारून आली, त्या शेजारच्या सीटवर बसल्या, साहेबांच्या जागेवर बसायला नको म्हणाल्या.

कागद अर्धे झालेत. मुलाचं वारस म्हणून संमतीपत्र तिकडून नोटरी होऊन यायलाच पाच महिने गेले. एजंटच्या सल्ल्याने क्रम असा ठरवलाय की आधी गोव्यात काकूंच्या नावावर, मग तिथली ना हरकत, मग इथला नंबर. तोपर्यंत ऑगस्ट २०२५ मध्ये २० वर्षांवरच्या चारचाकीची रिन्यूअल फी ५,००० ची १०,००० झाली. तेही भरू, पण गाडी तपासणीला उभी करायला पुढची काच धड हवी, आणि नियमाने ती लॅमिनेटेडच लागते, साधी काच कापून बसवून चालत नाही. त्या मापाची काच कुठेच मिळत नाहीये. एका काचवाल्याने प्लायवूडचं टेम्प्लेट आणि गाडीची फ्रेम दोन्ही घेऊन या, बाक जमतोय का बघतो असं सांगितलंय, एका नगाचा खर्च एवढा आहे की आम्ही आता इतर स्टॉर्मवाल्यांना विचारतोय, पाच-सहा जणांनी मिळून ऑर्डर दिली तर परवडेल.

आता परत करायचं झालं तर

फोटोचं सांगायला नको. पण नियम आता असा आहे की पहिल्या भेटीत फोन खिशातून काढायचाच नाही, मालक स्वतः म्हणाला तर दुसऱ्या भेटीत. त्यामुळे दोन ओळी उशिरा हिरव्या झाल्या, चालेल.

कागदांचं काम आम्ही गाडी सुरू झाल्यावर हातात घेतलं, ते उलटं करायला हवं होतं. इंजिन पंधरा वर्षं थांबलं होतं, अजून सहा महिने थांबलं असतं. वारसांची संमती, फॉर्म ३१ हे पहिल्या महिन्यात सुरू केलं असतं तर जुन्या फीमध्ये बसलं असतं.

गाडी चढवायच्या आधी काच उतरवून ठेवायला हवी होती, रबर जुनं झालं होतं तरी सावकाश निघाली असती. काका हे अजून मनाला लावून घेतात, खरं तर तो निर्णय सगळ्यांचा होता.

आणि कुदळवाडीबद्दल काका आणि मी अजूनही एकमत नाही. ते म्हणतात कापलेल्या नंबरची बॉडी घेतली नाही हे बरोबरच होतं, आणि तेवढ्यापुरतं ते खरं आहे, त्यात पोलिसांचं लचांड लागू शकलं असतं. माझं म्हणणं, काच, दारं, बिजागऱ्या यांच्यावर कुठला नंबर नसतो, त्या पावती घेऊन त्याच दिवशी काढून आणता आल्या असत्या, आणि उरलेले तीन आकडे तरी पेन्सिलीने छापून घेता आले असते, ते आम्ही फक्त मोबाइलवर टिपले. छाप घेतली नाही कारण नंबर अपुरा, म्हणून ओळ हिरवी होणार नाही, म्हणून कशाला. आता शीटमध्ये आम्ही एक नवीन रकाना केलाय, "काय काढून घेता येईल", आणि तो पांढऱ्या ओळींनाही भरतो.

पिवळ्या बॉडीची ओळ अजून तशीच आहे, शेवटच्या तीन आकड्यांसकट. मागच्या महिन्यात पोराने विचारलं की काढू का, तर काका नको म्हणाले.